आरसी विमानाच्या चार्जरला घरी वीज कशी द्यावी: सोलापुरातल्या नवोदितांसाठी

रेडिओ कंट्रोलवर उडणारे पहिले विमान घेताना आपण मोटर, पंख, रिमोट आणि बॅटरी यांची कसून चौकशी करतो. चार्जर यादीच्या शेवटी येतो, आणि त्या चार्जरला वीज कुठून मिळणार हा प्रश्न तर खोके उघडेपर्यंत मनातही येत नाही. खोक्यातून निघतो तो तळहाताएवढा डबा, त्याच्या एका अंगाला आत जाणाऱ्या विजेचे छोटे छिद्र, सोबत लाल-काळ्या क्लिपांची जोडी. भिंतीतल्या सॉकेटात घालायची पिन मात्र कुठेच नसते. जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीत मी माझा पहिला चार्जर उघडला तेव्हा हेच झाले, आणि पुढचे दोन महिने मी एकामागून एक चुका करत गेलो. त्यांपैकी दोन चुका जिवावर बेतू शकल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी कशी चार्ज करावी याबद्दल माहिती भरपूर मिळते. चार्जरच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटापासून चार्जरच्या इनपुटापर्यंत काय असावे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हा लेख मुख्यतः त्या भागापुरता आहे.

१. सुरुवात बॅटरीपासून करा

आधी वीजपुरवठा घेऊन मग त्याला साजेशा बॅटऱ्या शोधणे हा उलटा क्रम आहे. एक वही घ्या आणि तुमच्याकडे आज असलेल्या, तसेच येत्या वर्षभरात घ्याल असे वाटते त्या सगळ्या बॅटऱ्यांची यादी करा. प्रत्येकीच्या वेष्टनावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. ‘३एस’ म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले तीन सेल आणि ‘२२०० एमएएच’ म्हणजे तिची साठवण. लिपोच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. आपल्या गणितात हा पूर्ण भरलेला आकडाच धरायचा, कारण चार्जरवर सर्वाधिक भार त्याच्या आसपास येतो. त्यामुळे ३एस बॅटरी १२.६ व्होल्ट, ४एस १६.८ व्होल्ट आणि ६एस २५.२ व्होल्ट असे लिहून ठेवा.

चार्जिंगचा प्रवाह १सी धरा. २२०० एमएएचच्या बॅटरीसाठी १सी म्हणजे २.२ अँपिअर, ५००० एमएएचसाठी ५ अँपिअर. वेष्टनावर ‘५सी चार्ज’ असे छापलेले असले, तरी नवोदिताने १सीच्या वर जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्याने बॅटरीचे आयुष्य वाढते आणि लागणारा वीजपुरवठाही आटोपशीर राहतो.

२. चार्जरवरचे आकडे वाचा

चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचा. गरज पडली तर मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचा. तीन गोष्टी शोधायच्या आहेत. पहिली, इनपुटचा दाब: नवोदितांच्या हाती बहुधा पडणाऱ्या बी-६ जातीच्या चार्जरवर तो ११ ते १८ व्होल्ट डीसी असा असतो. दुसरी, आउटपुटची कमाल शक्ती, जी ५० किंवा ८० वॅट अशी लिहिलेली असते. तिसरी, कमाल चार्जिंग प्रवाह, सामान्यतः ५ किंवा ६ अँपिअर.

इथे पहिला सापळा आहे. घरात पडून असलेला लॅपटॉपचा अडॅप्टर पुष्कळजण चार्जरला जोडून पाहतात, कारण त्याची गोल पिन कधीकधी त्या छिद्रात बरोबर बसते. त्या अडॅप्टरचा दाब बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्ट असतो. ज्या चार्जरची मर्यादा १८ व्होल्ट आहे, त्याला तो देऊ नये. पिन बसते म्हणजे दाब जुळतो असे मुळीच नाही. काही नव्या चार्जरची मर्यादा ३० व्होल्टपर्यंत असते आणि त्यांना हा अडॅप्टर चालतो, परंतु ते चार्जरवर छापलेले स्वतः वाचल्याशिवाय जोडायचे नाही. वायफाय राउटरचा अडॅप्टर याच्या उलट फसवतो: दाब १२ व्होल्टच असतो, पण तो एक-दोन अँपिअरच्या पुढे देत नाही.

तुमच्या चार्जरला भिंतीतली वीज आणि बारा व्होल्ट असे दोन्ही इनपुट असतील, तर एका वेळी एकच वापरा.

३. वॅटचे गणित मांडा

माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ हे गणित न मांडण्यात आहे, म्हणून इथे थोडे थांबू. दाब गुणिले प्रवाह म्हणजे वॅट. ३एस २२०० बॅटरी १सीने भरताना १२.६ गुणिले २.२, म्हणजे सुमारे २८ वॅट बॅटरीत जातात. चार्जर स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर मागून त्याला सुमारे ३३ वॅट द्यावे लागतात. बारा व्होल्टने भागले की २.७ अँपिअर होतात. हीच रीत ६एस ५००० बॅटरीला लावली, तर १२६ वॅट आत जातात, सुमारे १४८ वॅट मागून लागतात आणि बारा व्होल्टवर तो प्रवाह १२ अँपिअरच्या वर जातो. विमान दिसायला दुप्पट मोठे असते, पण पुरवठ्याची गरज साडेचार पटींनी वाढते.

आता चार्जरची मर्यादा पाहा. ५० वॅटच्या चार्जरवर तुम्ही ४एस ५००० बॅटरी लावून ५ अँपिअर ठरवले, तरी तो बॅटरी भरत आल्यावर ३ अँपिअरच्या आसपासच देईल, कारण १६.८ व्होल्टवर ५० वॅट तिथेच संपतात. यात धोका काही नाही, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून पुरवठा निवडताना बॅटरीला हवे असलेले वॅट आणि चार्जर देऊ शकेल ते वॅट यांतला लहान आकडा घ्या, त्याला ०.८५ने भागा आणि वर किमान २५ ते ३० टक्के मोकळीक ठेवा. ८० वॅटच्या चार्जरसाठी हिशेब असा होतो: ८० भागिले ०.८५ म्हणजे ९४ वॅट, बारा व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर, मोकळीक धरून १० ते ११. अशा वेळी ‘१२ व्होल्ट १० अँपिअर’चा पुरवठा काठावर बसतो, त्याच्या वरचा घ्यावा.

ही मोकळीक चैन म्हणून ठेवायची नसते. साधा बल्ब असेल तर दाब उतरल्यावर तो मंद होतो आणि कमी वीज ओढतो. चार्जरचे तसे नाही. त्याला बॅटरीत ठरलेले वॅट घालायचेच असतात, म्हणून मागचा दाब उतरला की तो जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे कमजोर पुरवठ्याचा दाब आणखी उतरतो, आणि हे चक्र चार्जर ‘इनपुट व्होल्टेज कमी’ असा इशारा देऊन थांबेपर्यंत चालू राहते. बॅटरी निम्मी भरल्यावरच चार्जर बंद पडतो अशी तक्रार तुम्ही करत असाल, तर चार्जर बदलण्याआधी पुरवठा तपासा.

४. पुरवठ्याचा प्रकार निवडा

तुमच्या यादीत फक्त ३एस २२०० किंवा त्याहून लहान बॅटऱ्या असतील आणि पुढेही तेवढ्याच राहणार असतील, तर भिंतीतल्या विजेवर थेट चालणारा, आतच पुरवठा असलेला चार्जर घ्या आणि सहावा मुद्दा वाचून उडवायला लागा. तुमच्यासाठी तोच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

त्याहून मोठ्या बॅटऱ्या असतील, तर माझी पसंती पत्र्याच्या जाळीदार डब्यातल्या १२ व्होल्टच्या एसएमपीएसला, म्हणजे भिंतीतल्या एसी विजेपासून डीसी बनवणाऱ्या वीजपुरवठ्याला आहे. एलईडीच्या पाट्या आणि सीसीटीव्ही बसवणारे हाच वापरतात, त्यामुळे नवी पेठेसारख्या बाजारपेठेत विचारपूस केली तर तो सहज मिळतो. साधारण १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, २४० वॅट म्हणजे २० अँपिअर आणि ३५० वॅट म्हणजे २९ अँपिअर अशा मापांत तो येतो. दुकानदाराला ‘एलईडीचा अडॅप्टर’ न म्हणता व्होल्ट आणि अँपिअर सांगा, आणि हातात घेऊन वजन पाहा: एकाच मापाच्या दोन एसएमपीएसमध्ये जो लक्षात येण्याइतका हलका लागतो, तो मी घेत नाही.

जुन्या संगणकातला पुरवठा फुकटात मिळतो म्हणून मोह होतो, आणि तो चालतोही, पण त्याच्या अटी समजून घ्या. डब्यावर ‘४५० वॅट’ लिहिलेले असले, तरी आपल्याला फक्त पिवळ्या तारांवरचे बारा व्होल्ट हवे असतात, म्हणून लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच वाचा. तो सुरू होण्यासाठी मोठ्या जोडणीतली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडावी लागते. जुन्या बनावटीच्या पुरवठ्यांत लाल तारेवरच्या ५ व्होल्टवर थोडा भार नसेल, तर पिवळ्या तारेचा दाब ढासळतो. त्यासाठी लाल आणि काळ्या तारेच्या मध्ये १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडतात. तो अडीच वॅट खातो आणि चांगलाच तापतो, म्हणून त्याला पत्र्याला चिकटवून हवेशीर ठेवावे लागते. एकाच पिवळ्या तारेवर सगळा भार टाकायचा नाही. तीन-चार पिवळ्या आणि तितक्याच काळ्या तारा एकत्र बांधून घ्यायच्या.

सर्व्हरमधून काढलेले पुरवठे चाळीसहून अधिक अँपिअर देतात आणि अनुभवी उडवणारे ते आवर्जून वापरतात. पहिल्या वर्षी तुम्हाला त्यांची गरज नाही.

५. सामान जमवा

२४० वॅटचा एसएमपीएस गृहीत धरून यादी देतो. तीन पदरी १.५ चौरस मिलिमीटर लवचिक वायर दीड-दोन मीटर. तीन पिनांचा चांगला प्लग. लाल आणि काळी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची लवचिक वायर प्रत्येकी एक मीटर, स्क्रूखाली बसणारे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) आणि ते दाबायची पक्कड, मोटारीत असतो तसा चपट्या पात्याचा २० अँपिअरचा फ्यूज आणि त्याचे घर, एक्सटी-६० कनेक्टरची (आरसीत वापरतात त्या दोन टोकांच्या जोडणीची) जोडी, उष्णतेने आकसणारी नळी, सोल्डरिंगचे सामान, आणि मल्टिमीटर. मल्टिमीटरशिवाय या कामाला हात घालू नका. साधा मीटर पुरतो, पण तो हवाच.

वायरच्या जाडीवर पैसे वाचवणे महागात पडते. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर दोन मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन चार मीटर तांबे होते आणि त्याचा रोध सुमारे ०.१ ओहम भरतो. दहा अँपिअरवर तिथेच एक व्होल्ट गळतो, म्हणजे पुरवठ्याकडे १२ व्होल्ट असले तरी चार्जरला ११ मिळतात, आणि आपण चार्जरला दोष देत बसतो. जाड आणि आखूड वायर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

६. सॉकेट आणि अर्थिंग तपासा

या पायरीवर घाई करू नका, कारण माझी एक मोठी चूक इथलीच. त्या भाड्याच्या खोलीतल्या बोर्डाला तीन छिद्रे होती, म्हणून अर्थिंग आहे असे मी गृहीत धरले. फरशी नुकतीच पुसलेली होती, मी अनवाणी होतो, आणि एसएमपीएसच्या पत्र्याला मनगटाची मागची बाजू टेकली तेव्हा मुंग्या आल्यासारखे झाले. पहिल्यांदा भास वाटला. दुसऱ्यांदा मुद्दाम हात फिरवला तर पत्रा खरखरीत लागला, आणि पिन काढल्यावर तोच पत्रा गुळगुळीत. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर तो पत्र्यावर वाट पाहत थांबतो. तो प्रवाह स्वतः जीव घेण्याइतका नसतो, पण आत कधी फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर त्याच पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. त्या बोर्डातल्या तिसऱ्या छिद्रामागे तारच नव्हती.

तपासणी अशी करा. मीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या मापावर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. फेज आणि अर्थमध्ये साठ, नव्वद, एकशेवीस असा मधलाच आकडा आला, तर अर्थिंग तुटलेले आहे. मीटरचा आकडा बरोबर आला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण डिजिटल मीटर फारच कमी प्रवाह ओढतो आणि कमजोर अर्थिंगवरही ठीक आकडा दाखवू शकतो. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा टेस्ट लॅम्प लावून पाहायला सांगा. तो पूर्ण तेजाने पेटायला हवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळताच पुरवठा तोडणारा खटका असेल, तर तो तत्काळ पडेल आणि तेही अर्थिंग जिवंत असल्याचेच लक्षण आहे. हा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. विमानाचा एखादा सुटा पंख पुढच्या महिन्यात घेता येईल.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. सोलापूरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा उडून जातो, तेव्हा पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होऊ शकते. स्वतःचे घर असेल तर खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालावे, आणि दर मार्चमध्ये ही तपासणी पुन्हा करावी.

भाराची काळजी मात्र नको. २४० वॅटचा पुरवठा पूर्ण चालला तरी भिंतीतून फार तर दोन-अडीच अँपिअर घेतो, म्हणून साधे ६ अँपिअरचे सॉकेट पुरते. व्होल्टेज खाली-वर होण्याचीही फार चिंता करू नका. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणारे मला स्टॅबिलायझरबद्दल विचारतात, पण या जातीचे बहुतेक एसएमपीएस १८० ते २६४ व्होल्टपर्यंत चालतात. तुमच्या एसएमपीएसवरचे लेबल वाचून खात्री केली की स्टॅबिलायझरचा खर्च वाचतो.

७. जोडणी करा

प्लग जोडण्याआधी, खरे तर वायर सोलण्याआधी, एसएमपीएसच्या बाजूच्या जाळीतून आत पाहा. बहुतेक मोठ्या मापांत तिथे एक छोटा सरकता खटका असतो, ज्यावर ११५ किंवा २३० असे लिहिलेले दिसते. तो २३०वर असल्याची खात्री करा. माझा पहिला एसएमपीएस ११५वर ठेवलेला आला होता आणि मी तो न पाहता पिन घातली. क्षणात मोठा आवाज झाला, जाळीतून पांढरट धूर आला, खोलीचा एमसीबी पडला आणि जळक्या बेकलाइटचा वास दोन दिवस गेला नाही. चेहरा त्या जाळीजवळ नव्हता, एवढेच सुदैव. खटका स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सरकवता येतो, अर्थात पिन काढलेली असताना.

आता टर्मिनलची पट्टी समोर ठेवा. एका टोकाला एल (फेज), एन (न्यूट्रल) आणि अर्थची खूण अशी तीन टर्मिनले असतात. पुढे उणे आणि अधिक यांची दोन-दोन किंवा तीन-तीन. नव्या वायरमधील तपकिरी तार एलला, निळी एनला आणि हिरवी-पिवळी अर्थला. जुन्या पद्धतीची वायर असेल तर लाल ही फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण काळी तार भिंतीच्या बाजूला न्यूट्रल असते आणि बारा व्होल्टच्या बाजूला उणे. दोन्ही काळ्या तारा शेजारी-शेजारी आल्या की हात चुकतो. म्हणून मी भिंतीकडची वायर जोडून, तिच्यावर झाकण बसवून, मगच दुसऱ्या बाजूला वळतो.

तारांच्या टोकांना लग दाबून बसवा. सोल्डर लावून जाड केलेले टोक स्क्रूखाली घालू नका. सोल्डर मऊ असते, ते दाबाखाली हळूहळू चेपत जाते, स्क्रू सैल होतो, सांधा तापतो आणि काही महिन्यांनी पट्टी काळवंडलेली दिसते. बारा व्होल्टच्या अधिक बाजूवर, एसएमपीएसच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज घाला. पलीकडच्या टोकाला एक्सटी-६०चा मादी कनेक्टर लावा, म्हणजे वीज असलेले टोक झाकलेले राहील आणि टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट होणार नाही. कनेक्टरच्या प्लास्टिकवर अधिक-उणेच्या खुणा कोरलेल्या असतात. सोल्डर करण्याआधी त्या वाचा आणि नळी तारेत आधीच ओवून ठेवा. चार्जरसोबत आलेल्या मगरक्लिपा एसएमपीएसच्या स्क्रूंना अडकवून काम भागवू नका. त्या निसटतात, आणि निसटल्या की बहुधा एकमेकींवरच पडतात.

शेवटी टर्मिनलवर प्लास्टिकचे झाकण बसवा. ते मिळाले नसेल तर एसएमपीएस एखाद्या हवेशीर पत्र्याच्या डब्यात बसवा, डब्यालाही अर्थ जोडा आणि वायर जिथून आत येते तिथे ती ओढली जाणार नाही असा पट्टा लावा. घरात लहान मुले असतील तर उघडी टर्मिनले घेऊन हा पुरवठा एक दिवसही वापरू नका.

एका पुरवठ्यावर दोन चार्जर चालवता येतात, फक्त दोघांचे वॅट मिळून हिशेबात बसले पाहिजेत. मात्र त्या चार्जरांची आउटपुटे किंवा त्यांवरच्या बॅटऱ्या एकमेकांना कुठेही जोडल्या जाणार नाहीत, बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांतूनही नाही, हे पाहा.

८. पहिली चाचणी

चार्जर न जोडता पुरवठा सुरू करा आणि एक्सटी-६०वर मीटर लावा. १२ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे आणि उणे चिन्ह येता कामा नये. आले तर तारा उलट झाल्या आहेत. एसएमपीएसवर ‘व्ही अ‍ॅडज’ लिहिलेला छोटा स्क्रू असतो. तो किंचित फिरवून दाब १२.५ ते १३ व्होल्ट केला, तर ११ ते १८ व्होल्टच्या चार्जरला ते सोयीचे पडते आणि तेवढ्याच कामाला प्रवाह थोडा कमी लागतो.

आता चार्जर जोडा आणि सर्वांत लहान बॅटरी निम्म्या सीने, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स मोडवर लावा. पुष्कळ चार्जर चालू असताना बटण दाबल्यावर इनपुटचा दाब दाखवतात. तो चार्जिंगआधी आणि चार्जिंग चालू असताना असा दोनदा लिहून घ्या. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला, तर वायर, लग किंवा सोल्डर यांत कुठेतरी खोट आहे. दहा मिनिटांनी बारा व्होल्टच्या वायरवर आणि कनेक्टरवर बोट टेकवून पाहा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. भिंतीकडच्या टर्मिनलांना मात्र हात लावायचा नाही. सगळे ठीक असेल तर प्रवाह १सीवर न्या आणि तीच तपासणी पुन्हा करा.

खर्चाची भीती कोणी घालत असेल तर हेही सांगून टाकतो: ३एस २२०० बॅटरी पूर्ण भरायला सगळे नुकसान धरून सुमारे ३५ वॅट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये पंचवीसहून अधिक वेळा ती भरते.

९. वीज गेली तर

रविवारी पहाटे निघायचे आणि शनिवारी रात्री वीज नाही, असे होतेच. घरच्या इन्व्हर्टरवर एसएमपीएस चालवण्यापेक्षा इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी थेट चार्जरला देणे अधिक बरे, कारण बॅटरीतली वीज आधी २३० व्होल्ट करायची आणि लगेच पुन्हा बारा व्होल्टवर आणायची यात दोनदा नुकसान होते. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असे ठरवले, तरी ९०० वॅट-तास मिळतात. त्यांत ३एस २२०० बॅटऱ्या तीसेक वेळा भरता येतील.

तीन काळज्या घ्या. फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवाच, कारण शिशाची ही बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देते आणि वायर क्षणात लाल होते. दुसरे, ती बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्यावर वाकून क्लिपा लावू-काढू नका. कायमची एक्सटी-६०ची तार जोडून ठेवा आणि ठिणगी पडेल ते टोक मीटरभर दूर ठेवा. तिसरे, चार्जरमधली कमी दाबाची मर्यादा ११ व्होल्टवर ठेवा, आणि भार काढून थोड्या वेळाने बॅटरीचा दाब १२ व्होल्टच्या आसपास दिसू लागला की थांबा. मोटारसायकलची बॅटरी या कामाला अगदीच लहान आहे.

१०. जागा आणि ऊन

लाकडी टेबल, गादी, पडदा यांपासून दूर, शहाबादी फरशीवर चार्जिंग करा. आपल्या भागात तिचा एखादा तुकडा कोणत्याही बांधकामावर मिळतो आणि त्याहून चांगले बूड मला माहीत नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली आणि लांब सांडशी ठेवा. भिंतीवरचा खटका बॅटरीच्या पलीकडे असू नये. काही बिघडले तर बॅटरीवरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे. चार्जिंग चालू असताना झोपू नका आणि घराबाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी चार्जरला लावूच नका.

लिपो ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीतले तापमान सहज तिथे पोहोचते, आणि मैदानावरून आणलेली बॅटरी स्वतःही तापलेलीच असते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सहाच्या सुमारास चार्ज करावे, उडवून आल्यावर बॅटरी तासभर सावलीत निवू द्यावी, आणि आठवडाभर उडवणे होणार नसेल तर स्टोरेज मोडवर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. एसएमपीएसलाही ऊन बाधते. बंद कपाटात ठेवलेला पुरवठा पूर्ण अँपिअर देईल अशी अपेक्षा करू नका.

यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांनी एक जादा काम करावे. सुताचे बारीक तंतू एसएमपीएसच्या पंख्यात आणि जाळीत अडकून काही महिन्यांत त्यांची चटईच तयार होते. महिन्यातून एकदा पिन काढून, जाळीवरून मऊ कोरडा ब्रश फिरवावा. काही एसएमपीएसचा पंखा तापल्यावरच सुरू होतो, म्हणून हलक्या भारावर तो थांबलेला दिसला तर घाबरू नका. पण पूर्ण भारावर पंधरा मिनिटांनीही फिरत नसेल, तर डबा उघडून दुरुस्त करण्यापेक्षा पुरवठाच बदलावा, कारण पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब काही काळ टिकून असतो.